रोजची कृपा रोज घ्यावी

सोलापूरकराच्या अंगात पाणी साठवायची सवय मुरलेली आहे. चार-पाच दिवसांआड नळ येतो, आणि आला की पिंप, हंडे, बादल्या सगळं काठोकाठ भरून ठेवायचं. रविवारच्या उपासनेकडेही आपण नकळत तसंच बघतो. एकदा भरून घेतलं की शनिवारपर्यंत चालेल, असं धरतो. ते चालत नाही. गुरुवारी मन कोरडं पडतं आणि माणूस स्वतःच्या भक्तीला दोष देत बसतो. बायबलमधल्या निर्गम 16 मधला मान्ना आठवा, रानात इस्राएलांना देवाने दिलेलं अन्न. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, रोज सकाळी वेचायचा. उद्यासाठी ठेवला त्यात किडे पडले. ठेवायची मुभा फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी. कृपासुद्धा त्या-त्या दिवसापुरती घ्यायची असते.

बायबल वाचन आणि प्रार्थनेसाठी रोजची पंधरा मिनिटं ठरवा. उत्साहाच्या भरात एक तास ठरवणारे बहुतेक आठवड्याभरात थांबतात. वेळ मात्र घराच्या रोजच्या कामात बसणारी हवी. नळाच्या दिवशी पहाट पाण्यातच जाते, म्हणून दोन वेळा ठरवून ठेवा: एरवी चहाच्या आधी, नळाच्या दिवशी डबे भरून झाल्यावर. यंत्रमागावर रात्रपाळी असेल तर घरी आल्यावर, आडवं होण्याआधी. घरी विड्या वळणाऱ्या बाईने सूप मांडीवर घेण्याआधी. एकदा हात कामाला लागले की उठवत नाही. मोबाइलवर वाचत असाल तर आधी इंटरनेट बंद करा.

बसल्यावर पहिली दोन मिनिटं काहीही मागू नका. बायबलमधलं एक स्तोत्र मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात वाचलं तर डोळे पुढे जातात आणि मन काल कोण काय बोललं तिथेच राहतं. मग पाच-सहा मिनिटं वाचन. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची जीवनकथा, घ्यावं. त्याचे 16 अध्याय, रोज अर्धा घेतला तर महिन्याभरात होतात. त्यानंतर प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र, फक्त 4 अध्याय. पौल बंदिवासात होता आणि तरी पत्रभर आनंदच आहे, म्हणून ते सावकाश वाचावं. बायबलचा दुसरा भाग, म्हणजे संपूर्ण नवा करार, घ्यायचा असेल तर त्याचे 260 अध्याय आहेत: आठवड्याला पाच घेतले की 52 आठवड्यांत पूर्ण, आणि दर आठवड्याला दोन दिवस मोकळे. ते मोकळे दिवस फार मोलाचे आहेत, ते भरून टाकू नका. उरलेला वेळ प्रार्थनेला. मराठी वाचता येतं पण घरात तेलुगू किंवा कानडी बोलतात, अशी कुटुंबं इथे पुष्कळ. त्यांनी वाचन मराठीत केलं तरी प्रार्थना त्याच भाषेत करावी, जिच्यात रडू येतं.

वही ठेवा, पण तिच्यात बरोबरच्या खुणा करू नका. वाचलेल्यातलं एक वाक्य आणि त्या दिवशी मिळालेली एक गोष्ट, एवढंच लिहा. खुणा सुरू झाल्या की वही पुण्यकर्मांची खातेवही होते. सलग वीस खुणा दिसल्या की छाती फुगते, तीन रिकाम्या दिसल्या की तोंड लपवावंसं वाटतं. दोन्ही वेळा नजर स्वतःवरच असते. इफिसकरांस 2:8-9 मध्ये तारण हे देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नाही, असं स्पष्ट आहे. सत्कृत्यांची गोष्ट दहाव्या वचनात येते. हा क्रम उलटला की आनंद जातो.

खंड पडतोच. लग्नसराई, आजारपण, नुसता कंटाळा. चार दिवस चुकले तर चार दिवसांची थकबाकी भरायला बसू नका. आजचा भाग उघडा आणि म्हणा, ‘प्रभू, मी आलो.’ पाप कबूल करताना ‘सगळ्या चुकांची क्षमा कर’ असं मोघम नको. ‘काल जावेला सगळ्यांदेखत तोडून बोलले’ असं नाव घेऊन सांगा. मग उठून जावेकडे जा. आणि तिथे विषय संपवा. कबूल केलेलंच पाप रोज उकरणं नम्रता वाटते, पण क्षमा मिळाली यावर भरवसा नसल्याचं ते लक्षण आहे. लूक 18 मधल्या, पापी समजल्या जाणाऱ्या जकातदाराची प्रार्थना एका वाक्याची होती, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो तोच.

दुखणं हटत नाही, कर्ज फिटत नाही, तेव्हा ‘विश्वास कमी पडला’ असं कुणाला कधी म्हणू नका. पौलाने आपल्या देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा मिळाली. औषधही चालू ठेवा.

रात्रीची कौटुंबिक प्रार्थना दहा मिनिटांत आटोपावी. एक गीत, सहा-सात वचनं, प्रत्येकाची एकेक ओळ. गीत मुलांना निवडू द्या. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (1861–1919) गीतं आपल्या भजनांच्या वळणाची आहेत, टाळ असेल तर मुलं आपोआप सरकून बसतात. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर बसा. इथे हमखास होणारी चूक वडीलधाऱ्यांची: प्रार्थनेतून मुलांना बोलणी देणं, ‘हे प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे.’ असं दोनदा झालं की मूल तिसऱ्या दिवशी पोटदुखी काढतं.

घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर बैठक त्यांच्या खाटेपाशीच घाला. डोळ्यांनी वाचवत नसेल तर त्यांचं पाठ असलेलं गीत सुरू करून दुसऱ्या ओळीला थांबा, पुढची ओळ बहुधा त्यांच्याकडून येते. पाळकसाहेबांना आधी सांगून प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घरी द्यायला बोलवा, आणि त्या दिवशी शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद ठेवा.