पुण्याहून व्हँकूवरला जाताय? स्टॅनली पार्क असं बघा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतून दर उन्हाळ्यात दोन-तीन घरचे आईबाबा तरी मुलांकडे कॅनडात व्हँकूवरला जातात आणि निघायच्या आधी भेटले की विचारतातच, स्टॅनली पार्क बघायला किती वेळ लागतो हो? तुम्ही जाऊन आलाय म्हणून विचारतो. तर दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच काढते. माझं उत्तर असं आहे की एका दिवसात उरकायला जाऊ नका, तीन वेळा जा, थोडं थोडं बघा आणि शक्य तेवढं पायी बघा.

आमचं पहिल्या वेळी काय झालं, तर लेकीने रविवारी गाडीत बसवलं, पार्कातून गोल रस्ता जातो तो सगळा फिरवला, चार ठिकाणी उतरून फोटो काढले आणि तासाभरात आम्ही बाहेर. सगळं बघितलं म्हणायचं पण संध्याकाळी घरी आल्यावर मला साधं आठवेना की कुठलं झाड कुठे होतं. मग दोन दिवसांनी ती ऑफिसला गेल्यावर आम्ही दोघंच बसने गेलो, आणि खरं पार्क मला त्या दिवशी भेटलं.

आधी आकार लक्षात घ्या. साधारण ४०० हेक्टर, म्हणजे एक हजार एकर. आपल्या डोक्यात पार्क म्हटलं की सारसबाग येते, पण हे त्या जातीचं नाहीच, हे जंगल आहे, तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला शहराच्या उंच इमारती. टेकडीवर रोज जाणाऱ्या माणसाला हे पटकन कळेल. आणि एक गोष्ट मला फार भावली, शहर म्हणून व्हँकूवरची स्थापना १८८६ ची आणि त्याच वर्षी नव्या नगरपालिकेने अगदी सुरुवातीलाच केंद्र सरकारकडे ही लष्करासाठी राखलेली जमीन पार्कासाठी मागितली. १८८८ ला पार्क खुलं झालं. टेकडी वाचवण्यासाठी सह्या करणाऱ्या, मोर्चात चालणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाचलं की आत कुठेतरी हलतंच.

पण दुसरी बाजू पण सांगायला हवी. तिथे आधीपासून माणसं राहत होती. मस्क्वीअम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वाउटुथ या लोकांची ही भूमी. आत लम्बरमन्स आर्च म्हणून जागा आहे, जिथे आता मुलं पाण्यात खेळतात, तिथे त्यांचं मोठं गाव होतं. पिढ्यान्पिढ्या खाल्लेल्या शिंपल्यांचे थर साचले होते तिथे, पार्कातला पहिला रस्ता करताना ते शिंपले खणून रस्त्यावर पसरले, आणि राहिलेल्या कुटुंबांना पुढे हळूहळू बाहेर काढलं. ब्रॉक्टन पॉइंटला रंगीत टोटेम पोल, म्हणजे प्राणी कोरलेले लाकडी खांब आहेत, तिथे सगळ्यात जास्त गर्दी असते, फोटो काढा पण शेजारच्या पाट्याही वाचा, कुठला खांब कोणाचा आणि त्यावरचा प्राणी काय सांगतो ते लिहिलेलं आहे. पाट्या वाचायला आम्हाला अर्धा तास लागला.

आता जायचं कसं. डाउनटाउनमधून १९ नंबरची बस थेट पार्कात जाते, बसवर पुढे स्टॅनली पार्क लिहिलेलं असतं. कंपास कार्ड, म्हणजे बसचं भाडं भरायचं कार्ड, काढून घ्या, नाहीतर टॅप करायचं बँकेचं कार्ड चालतं. एकदा टॅप केलं की ९० मिनिटं त्याच भाड्यात दुसरी बस पण धरता येते, आपल्याकडच्यासारखं प्रत्येक बसला नवीन तिकीट नाही. गाडीने गेलात तर पार्किंगचे पैसे पडतात आणि आतला रस्ता वन वे आहे, म्हणजे एखादी जागा चुकली की मागे वळता येत नाही, पुन्हा पूर्ण फेरी. बसच बरी.

पहिला दिवस समुद्राच्या भिंतीसाठी ठेवा. सीवॉल म्हणतात तिला, पार्काच्या कडेकडेने साधारण ९-१० किलोमीटरची वाट, एकीकडे पाणी, एकीकडे जंगल, चढ जवळजवळ नाहीच. पर्वती चढणाऱ्याला जड नाही, फक्त लांब आहे, आमच्यासारख्यांना बसत उठत साडेतीन तास धरा. सायकलवाल्यांची पट्टी वेगळी आणि चालणाऱ्यांची वेगळी, जमिनीवर चित्रं काढलीयेत, चुकून सायकलच्या पट्टीत उभं राहून फोटो काढू नका, ते जोरात येतात. सायकली एकाच दिशेने जातात, घड्याळाच्या उलट, म्हणजे जंगल डाव्या हाताला, आपल्या प्रदक्षिणेच्या बरोबर उलट. चालणाऱ्याला मात्र कुठूनही जाता येतं.

सायकल घ्यायची असेल तर डेनमन स्ट्रीटवर भाड्याने देणारी दुकानं आहेत. हेल्मेट सगळ्यांना लागतं, तिथला कायदाच आहे. घेताना एक गोष्ट मात्र स्पष्ट विचारा की उशीर झाला तर किती घेणार, कारण आमच्या जावयाने एका दुकानातून सायकल घेतली, परत यायला वीस मिनिटं उशीर झाला आणि पूर्ण दिवसाचं भाडं लावलं. पावतीवर बारीक अक्षरात होतं म्हणे.

चालत असाल तर माझा आग्रह आहे की पूर्ण फेरीचा हट्ट धरू नका. ह्यांचा गुडघा दुखतो म्हणून आम्ही इंग्लिश बे कडून सुरुवात केली, सेकंड बीच, मग थर्ड बीच आणि तिथून सिवॉश रॉकपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत. हा तुकडा सगळ्यात सुंदर आहे असं मी ठामपणे म्हणेन. सिवॉश रॉक म्हणजे पाण्यात एकटा उभा असलेला उंच सुळका, डोक्यावर छोटंसं झाड. तो एक माणूस होता आणि त्याच्या चांगुलपणासाठी त्याला कायमचं इथे उभं केलं अशी स्क्वामिश लोकांची कथा आहे. आपल्याकडे कुठल्याही डोंगरातल्या सुळक्याला नवरा-नवरीची गोष्ट असते ना, तसंच वाटलं मला.

त्याच्याजवळच जेम्स कनिंगहॅमच्या नावाची पाटी शोधा. हा गवंडी. भिंतीचं काम १९१७ च्या सुमाराला सुरू झालं, या माणसाने तीसेक वर्षं तिच्यावर घालवली, १९६३ ला तो गेला आणि फेरी पुरी झाली १९७१ मध्ये. ओहोटी असेल तर खाली वाकून भिंतीचे दगड बघा, एकेक दगड घडवून बसवलेला, खालच्या ओळींवर हिरवं शेवाळ आणि पांढरे खरखरीत शिंपले घट्ट चिकटलेले, हात लावला तर कानशीसारखे लागतात. ह्यांचे वडील वाड्यांची दगडी कामं करायचे, त्यामुळे हे तिथून हलेचनात, सांधा कसा धरलाय ते मला बोटाने दाखवत होते.

ओहोटी-भरतीची वेळ निघायच्या आधी मोबाईलवर बघा, हे विसरू नका. आपण पुण्याचे, समुद्र म्हणजे वर्षातून एकदा गुहागर नाहीतर अलिबाग, त्यामुळे ही सवय नसते. ओहोटीला खडक उघडे पडतात, जांभळे तारामासे दिसतात, ते उचलायचे नाहीत. हिवाळ्यात मोठी भरती आणि वारा एकत्र आला तर भिंतीचे तुकडे बंद ठेवतात, जानेवारी २०२२ च्या वादळात लाटांनी मोठे ओंडके उचलून भिंतीवर फेकले होते आणि भिंत फुटली होती. बंदची पाटी असेल तर मुकाट्याने वळा.

दुसरा दिवस आतल्या जंगलाचा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी लॉस्ट लगून उत्तम, तळ्याभोवती सपाट फेरी, दोन किलोमीटरच्या आतली. पूर्वी ही समुद्राचीच खाडी होती, रस्ता बांधला तेव्हा तिचा समुद्राशी संबंध तुटला. तिथून आत बीव्हर लेककडे पायवाटा जातात. सीडर, डग्लस फर, हेमलॉक, अशी झाडं की मान मागे टाकावी लागते. दोन पावलं आत गेलं की गाड्यांचा आवाज बंद होतो आणि ओल्या लाकडाचा वास येतो, पहिल्या पावसातल्या ताम्हिणीसारखा पण गार. मधेमधे भलेमोठे बुंधे आडवे पडलेले दिसतील, त्यांच्यावरच नवी झाडं उगवलेली असतात. डिसेंबर २००६ च्या वादळात इथली जवळपास दहा हजार झाडं पडली, आणि अलीकडे एका किडीने हेमलॉक मारली म्हणून बरीच तोडावी लागली, त्यामुळे काही ठिकाणी मोकळं दिसलं तर कारण हे. आतल्या वाटांवर मोबाईलचा नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा आणि अंधार पडायच्या आत बाहेर या. डिसेंबरमध्ये सव्वाचारला सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वानऊ होतात, हा फरक डोक्यात ठेवूनच निघा.

प्राण्यांना खायला घालू नका. हे मी कळकळीने सांगते कारण आपल्या लोकांना सवय असते, पिशवीतला चिवडा काढला की समोर आलेल्याला द्यावासा वाटतो. रकून अगदी जवळ येतात, गोड दिसतात. पण लोकांनी खायला घालून घालून कोयोटी, म्हणजे तिथले कोल्ह्यासारखे रानटी प्राणी, माणसाला भ्यायचे थांबले, २०२१ मध्ये कित्येकांना चावले, पार्क काही दिवस संध्याकाळपासून सकाळपर्यंत बंद ठेवलं आणि शेवटी कोयोटींना मारावं लागलं. आपण प्रेमाने दिलेला घास त्या जनावराच्या जिवावर उठतो. बीचवर पोळीचा रोल हातात धरून गप्पा मारत बसू नका, सीगल झडप घालून नेतात.

खायला घरूनच न्या, आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. बाटली न्या, पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, टॉयलेट ठिकठिकाणी आहेत आणि फुकट आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये सुद्धा एक जाकीट ठेवा, वारा गार असतो. नोव्हेंबर ते जानेवारी सतत पाऊस, तेव्हा छत्रीपेक्षा टोपीवालं रेनकोट जाकीट.

मार्च ते जुलै मध्ये जात असाल तर टेनिस कोर्टांजवळच्या झाडांवर बगळ्यांची वसाहत बघायला विसरू नका, आपल्या राखी बगळ्याचाच मोठा भाऊबंद, एकेका झाडावर कितीतरी घरटी. खाली उभं राहताना डोक्यावर टोपी असू द्या.

तिसरी खेप संध्याकाळची. आधी इंग्लिश बे वर जा, वाळूत मोठमोठे ओंडके ओळीने ठेवलेले आहेत, त्यांना पाठ टेकून खाली बसायचं, लाकूड दिवसभराच्या उन्हाने कोमट असतं. मालवाहू जहाजं नांगर टाकून उभी असतात. मग साडेआठपर्यंत पार्काच्या दुसऱ्या बाजूला, ब्रॉक्टन पॉइंटच्या अलीकडे हॅलेलुया पॉइंटला पोचा, दोन्ही जागांमध्ये अंतर बरंच आहे तर तासभर हातात ठेवा. तिथे रात्री बरोबर नऊला तोफ उडते, रोज. १८१६ ला इंग्लंडात ओतलेली तोफ आहे. लहान मुलं बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा आणि कान झाका, आमचा नातू दचकून रडला होता, मग दुसऱ्या वेळी तोच पाच मिनिटं आधीपासून घड्याळ बघत उभा. तिथून जॉर्जिया स्ट्रीटच्या बस स्टॉपपर्यंत अर्ध्या तासाची सपाट वाट आहे, पाण्यात इमारतींचे दिवे दिसत राहतात.