दादाच्या कॅसेटी: गेलेल्या भावाचे आयुष्य आवाजातून जपताना

मनमौजी माणूस मागे कागद ठेवत नाही. रोजनिशी नसते, पत्ते बदललेले असतात, नोकऱ्या सोडलेल्या असतात. पण त्याला गाण्याचे वेड असेल, तर कॅसेटी हमखास सापडतात. थोरल्या भावाचे आयुष्य पुन्हा जुळवायचे, तर सुरुवात तिथूनच करावी. विकत आणलेल्या कॅसेटी मागे ठेवा, त्यातले गाणे आज कुठेही मिळते. आधी हातात घ्यायच्या त्या त्याने स्वतः भरलेल्या: रेडिओवरच्या, मित्राच्या घरच्या बैठकीतल्या, स्वतः गुणगुणलेल्या.

खोके आवरण्याआधी त्याचे फोटो काढा. कॅसेटी कुठल्या क्रमाने लावल्या होत्या, हीसुद्धा त्याचीच नोंद आहे. प्रत्येक कॅसेटला पेन्सिलने क्रमांक द्या. आतल्या कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. कोपऱ्यात लिहिलेले फोन नंबर, उधारीचे आकडे, बसच्या वेळा दिसतील, त्याही जपा. मग कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे टॅब तोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही भरले जाणार नाही.

आता कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून फीत पाहा. कडेवर पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे नेहमीचेच. अशी कॅसेट लावू नका, कारण बुरशी यंत्रात उतरते आणि पुढच्या कॅसेटींना लागते. ती वेगळ्या बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत काही दिवस सुकू द्या आणि नंतर जाणकाराकडून साफ करून घ्या. उन्हात मात्र ठेवू नका, कवच वाकते. आवाज दबका येत असेल तर फितीमागची छोटी नमद्याची गादी निखळली आहे का, ते पाहा. फीत तुटली असेल तर साध्या चिकटपट्टीने जोडू नका. तिचा गोंद पाझरून शेजारचे वेढे चिकटतात. फीत जोडण्याची खास पट्टी मिळते, तीच वापरा. सी-९० ची (९० मिनिटांची) फीत सी-६० पेक्षा पातळ असते, सी-१२० ची त्याहूनही. तिथे हात अधिक हलका ठेवा.

यूएसबीची वायर असलेले स्वस्त प्लेअर टाळा. त्यांचा वेग डगमगतो, आणि लांबवलेला षड्ज थरथरला की सगळे बिघडले. जुना चांगला डेक, म्हणजे कॅसेट वाजवण्याचे यंत्र, शोधा आणि त्याचा रबरी पट्टा बदलून घ्या. हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी चाकाला मात्र सौम्य साबणाचे पाणी पुरते. दर चार-पाच कॅसेटींनंतर हे पुन्हा करा. लावण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. डॉल्बीचे, म्हणजे फितीची सरसर कमी करणारे, बटण बंद ठेवा. घरी भरलेल्या कॅसेटींत ते बहुधा वापरलेले नसते आणि चालू ठेवले तर तानपुऱ्याची झिलई जाते. हेडशेजारच्या बारीक स्क्रूने हेडचा फितीशी कोन जुळवता येतो. आवाज मोनो करून, म्हणजे डावा-उजवा एकत्र करून ऐका, तो सर्वांत स्वच्छ, टोकदार लागेल तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावे लागते, कारण ज्या यंत्रावर ती भरली, त्याचा कोन वेगळा होता.

डेकच्या लाइन-आउटमधून ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज संगणकात नेणाऱ्या छोट्या उपकरणात, वायर द्या. लॅपटॉपचे माइकचे भोक या कामाचे नाही, आवाज फाटतो. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही फाइल ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ९० मिनिटांच्या कॅसेटला सुमारे दीड जीबी जागा लागते आणि वेळ पूर्ण ९० मिनिटे. घाई चालत नाही.

वेगाची खात्री गाण्याच्या पट्टीवरून, म्हणजे सुराच्या उंचीवरून होते. सहा टक्के फरक पडला की अख्खे गाणे एका पट्टीने सरकते, पेटीवरच्या काळी दोनचा षड्ज शेजारच्या पांढरी दोनवर येतो. दादाची पेटी घरात असेल आणि कॅसेटमध्ये तीच वाजत असेल, तर सूर लावून ताडा. भरताना सेल उतरत गेले असतील, तर आज ऐकताना गाणे शेवटाकडे चढत आणि पळत जाते. ही दुरुस्ती नकलेवरच करा, मूळ फाइल जशीच्या तशी राहू द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे: गाण्यांमधला ‘फालतू’ भाग कापू नका. बटण दाबल्याची खट्ट, खोकला, ‘अरे, जरा सरक’, समेवर निसटलेली वाहवा, दूरची कुकरची शिट्टी. दादा तिथे आहे. खरखर काढणारे फिल्टर नेमके हेच आधी खातात.

तारखा जुळवायला आकाशवाणीच्या उद्घोषणा कामी येतात. गीतमाला लघुलहरींवर हेलकावत येत असेल तर ती रेडिओ सिलोनची, म्हणजे १९८९ मध्ये कार्यक्रम विविध भारतीवर येण्याआधीची. सवाई गंधर्व महोत्सवाचे जपलेले तिकीट मिळाले तर त्या डिसेंबरचा पुण्याचा मुक्काम पक्का होतो.

मग त्याच्या मित्रांकडे जा. ‘दादा कसा होता?’ असे विचारू नका. ‘फार दिलदार माणूस’ एवढेच उत्तर येते. दोन-तीन मिनिटांचा तुकडा ऐकवा आणि विचारा: तबल्यावर कोण आहे? ही खोली कुणाची? रात्री परत कसे गेलात? परवानगी घेऊन उत्तरे फोनवर मुद्रित करा. तो भांडला कुठे, पैसे कुणाचे बुडवले, घरी न सांगता कुठे गेला, हेही येऊ द्या. त्याला संत करून ठेवले की तो ओळखू येत नाही.

कॅसेटमध्ये दुसऱ्या कुणाचा खासगी आवाज असेल, तर त्या माणसाला विचारल्याशिवाय घरच्यांनाही ऐकवू नका. बैठकींची मुद्रणे इंटरनेटवर चढवू नका, कलावंताचा हक्क ५० वर्षे असतो. फाइलींच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. मूळ कॅसेटी उभ्या, कोरड्या कपाटात, स्पीकरपासून लांब असाव्यात.

वर्षश्राद्धाला ऐकवायचे असेल तर पाऊण तास पुरे: सहा-सात तुकडे, प्रत्येकाआधी एका वाक्यात जागा आणि साल, आणि मधे बोलायला मोकळा वेळ.