लसूण ठेचल्यानंतरची दहा मिनिटं

अखंड पाकळी नाकाशी धरली तर तिला जवळजवळ वास नसतो. तीच ठेचली की दोन क्षणांत डोळे चुरचुरतील असा दर्प सुटतो. लसणाची चव आणि त्याचा औषधी गुण, दोन्हींचा उगम एवढ्याशा या घटनेत आहे. त्यामुळे लसूण किती घातला याच्याइतकंच तो कसा चिरला आणि आचेवर कधी टाकला, यालाही महत्त्व आहे.

पाकळीच्या पेशींत ॲलिइन नावाचं गंधकयुक्त, बिनवासाचं द्रव्य असतं. त्याच्या शेजारीच, पण वेगळ्या कप्प्यात, ॲलिनेज हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, असतं. सुरीने किंवा बत्त्याने कप्पे फुटले की दोघांची गाठ पडते आणि ॲलिसिन तयार होतं. कच्च्या लसणाचा झणझणीतपणा आणि जंतूंची वाढ रोखण्याची ताकद मुख्यतः त्याची. १९४४ साली चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली या रसायनशास्त्रज्ञांनी ॲलिसिन वेगळं काढून दाखवलं. ते ज्याच्यापासून बनतं त्या ॲलिइनचा छडा आर्थर स्टोल आणि एवाल्ड सीबेक यांनी १९४८ मध्ये लावला.

या एन्झाइमला दोन गोष्टी सोसत नाहीत: उष्णता आणि आंबट. अख्ख्या पाकळ्या थेट उकळत्या पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये गेल्या तर एन्झाइम आधी निकामी होतं, आणि नंतर त्या कितीही वाटल्या तरी ॲलिसिन बनत नाही. म्हणून ठेचा, थांबा, मग शिजवा. बारीक वाटलेल्या लसणात हे काम मिनिटभरात उरकतं. जाड चिरलेल्यात ते रेंगाळतं. दहा मिनिटं हे माप दोन्हींना पुरतं. मात्र गैरसमज नको: थांबल्यामुळे ॲलिसिन आचेवर टिकून राहतं असं नाही. तेही उष्णतेने मोडतं, पण मोडताना दुसरी गंधकयुक्त द्रव्यं मागे ठेवतं. शिजलेल्या लसणाचा वास आणि त्याचे उरलेसुरले गुण या द्रव्यांमुळे असतात.

तिखटपणा सुरीच्या हातात

जितक्या जास्त पेशी फुटतील तितका लसूण उग्र. एकाच पाकळीतून चार वेगळ्या चवी निघतात. अख्खी पाकळी रश्श्यात शिजवली तर गोडसर, मऊ. २ मिलिमीटरच्या चकत्या केल्या तर सौम्य आणि खमंग. बारीक चिरली तर मध्यम. बारीक किसणीवर किसली किंवा खलबत्त्यात मिठासोबत वाटली तर सर्वांत जहाल. कृतीत नुसतं ‘चार पाकळ्या लसूण’ लिहिलेलं असेल तर ती माहिती अर्धीच समजायची. किसलेली एक पाकळी चिरलेल्या दोन-तीन पाकळ्यांना सहज भारी पडते.

वाटताना मीठ घालण्याला कारण आहे. खडे कण पाकळी घसरू देत नाहीत आणि मीठ पाणी ओढून घेत असल्यामुळे लगदा लवकर गुळगुळीत होतो. चार पाकळ्यांना पाव चहाचा चमचा मीठ पुरे. नंतर पदार्थातलं मीठ तेवढं कमी करा.

कच्चा लसूण ड्रेसिंगमध्ये किंवा दह्यात घालायचा असेल तर लिंबाचा क्रम सांभाळा. पाकळी थेट लिंबाच्या रसात किसली तर आंबटपणा एन्झाइमला तिथेच आवर घालतो आणि चव सौम्य राहते. आधी ठेचून, थोडं थांबून मग रस घातला तर ॲलिसिन आधीच बनलेलं असतं आणि झणका पुरा लागतो. जिन्नस तेच, प्रमाण तेच, फरक फक्त क्रमाचा. ड्रेसिंग एकदा जमतं आणि एकदा जिभेला चटका देतं, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

निवड, साठवण, सोलणं

गड्डा हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड आणि दाबल्यावर कडक लागायला हवा. बोट रुतलं तर आतल्या पाकळ्या सुकल्या किंवा सडल्या आहेत. मुळाशी काळी भुकटी दिसली तर ती बुरशी, तो गड्डा सोडा. घरी कोरड्या, हवेशीर, अंधाऱ्या जागी जाळीच्या टोपलीत ठेवा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओल धरते. शीतगृहात शून्य अंशाच्या आसपास लसूण महिनोन्महिने टिकतो, पण घरच्या फ्रिजमधलं ४ ते १० अंश तापमान त्याला कोंब फुटायलाच सोयीचं पडतं. गड्डा एकदा फोडला की पाकळ्या आठ-दहा दिवसांत संपवा.

कोंब आलेला लसूण विषारी नसतो. कच्चा वापरायचा असेल तर पाकळी उभी चिरून मधला हिरवा कोंब काढा, कडवटपणा तिथे असतो. शिजवायचा असेल तर एवढा खटाटोप करू नका.

थोड्या पाकळ्या सोलायच्या तर सुरीचं पातं आडवं ठेवून तळव्याने दाबा. पुष्कळ सोलायच्या तर कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, सालं सुटतात. तळायच्या असतील तर आधी पुसून कोरड्या करा, नाहीतर तेल उडेल.

तेलात परतताना

सगळ्यात जास्त लसूण इथे वाया जातो. लसणात साखरेचा अंश भरपूर आणि तुकडे लहान, त्यामुळे सोनेरी ते काळा हा प्रवास काही सेकंदांचा असतो.

१. चकत्या किंवा तुकडे एकसारखे करा. बारीक तुकडा करपतो तेव्हा जाड तुकडा कच्चा असतो.

२. चार पाकळ्यांना दोन मोठे चमचे तेल घ्या आणि थंड तेलातच लसूण घालून मंद आच लावा. तेल आणि लसूण सोबत तापले की वास तेलात उतरायला वेळ मिळतो.

३. बुडबुडे येतील, ते लसणातलं पाणी. तीन-चार मिनिटांत बुडबुडे मंदावले की पाणी संपत आलं. इथून पुढे नजर हटवू नका.

४. कडा फिकट सोनेरी होताच आच बंद करा किंवा टोमॅटो, पाणी असं काही ओलं घाला. गरम तेलात लसूण आच बंद केल्यावरही शिजत राहतो, म्हणून हवा त्यापेक्षा एक छटा आधी थांबायचं.

कांद्यासोबत परतायचा असेल तर कांदा आधी, लसूण नंतर. किसलेल्या लसणाला गरम तेलात अर्धं मिनिट पुरतं. करपलाच तर तेलासकट टाकून द्या आणि नव्याने सुरू करा. तो कडवटपणा तेलात उतरलेला असतो, मसाल्याने किंवा साखरेने झाकला जात नाही.

गोड, लोण्यासारखा लसूण हवा असेल तर अख्खा गड्डा भाजा. वरचा अर्धा सेंटिमीटर कापून पाकळ्या उघड्या करा, चमचाभर तेल सोडा, फॉइलमध्ये गुंडाळा आणि २०० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये ४० ते ४५ मिनिटं ठेवा. सुरीचं टोक लोण्यात जावं तसं गेलं की झालं. पाकळ्या सालातून पिळून काढा. एन्झाइम ठेचण्याआधीच मेलेलं असल्यामुळे इथे झणका नाही, साखर मात्र खुलून येते.

व्हिनेगरमधल्या किंवा लिंबू घातलेल्या लसणाला कधी हिरवा-निळा रंग चढतो. ती बुरशी नव्हे. आंबटात लसणातली गंधकयुक्त द्रव्यं आणि अमिनो आम्लं मिळून रंगद्रव्य बनतं, आणि ते खायला निर्धोक असतं. चीनमध्ये तर व्हिनेगरमध्ये मुरवून लसूण मुद्दाम असा हिरवा करतात.

प्रकृतीला किती उपयोग

१०० ग्रॅम लसणात सुमारे ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं हे खरं, पण १०० ग्रॅम खातो कोण? दोन पाकळ्यांतून मिळणारी जीवनसत्त्वं नगण्य. जो काही फायदा आहे तो गंधकाच्या द्रव्यांचा.

रक्तदाब मुळात वाढलेला असणाऱ्यांत लसणाने तो थोडा उतरतो, असं अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसतं. पण त्यांतल्या पुष्कळशा अर्काच्या गोळ्यांवरच्या आहेत, जेवणातल्या लसणावरच्या नाहीत. ‘थोडा’ म्हणजे औषध बंद करण्याइतका नाही. कोलेस्टेरॉलचं चित्र आणखी फिकं आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १९२ जणांना सहा महिने, आठवड्यातून सहा दिवस कच्चा लसूण, लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या किंवा नुसत्या बनावट गोळ्या दिल्या. वाईट कोलेस्टेरॉलमध्ये कोणत्याच गटात दखल घ्यावी असा फरक पडला नाही. सर्दीसाठी आधार आहे तो मुख्यतः १४६ जणांच्या एका चाचणीचा. लसूण घेणाऱ्या गटात २४ वेळा सर्दी झाली, दुसऱ्या गटात ६५ वेळा. आकडे आकर्षक आहेत, पण एका चाचणीवर विसंबून राहू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात प्रौढांसाठी रोज २ ते ५ ग्रॅम ताजा लसूण हे प्रमाण दिलं आहे, म्हणजे साधारण एक मध्यम पाकळी. पाकळ्या बारीक असतील तर एकदा काट्यावर वजन करून पाहा.

अनशापोटी अख्खी पाकळी पाण्यासोबत गिळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात अर्थ कमी. पाकळी फुटलेलीच नाही, आणि जठरातलं आम्ल एन्झाइमला काम करू देत नाही. घ्यायचीच तर ठेचून, थांबून, जेवणासोबत घ्या. रिकाम्या पोटी कच्चा लसूण जळजळ करतो, आम्लपित्त असणाऱ्यांना तर हमखास. शिजवलेला लसूण अगदीच निरुपयोगी असतो असंही नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कच्च्या ठेचलेल्या लसणाच्या तुलनेत शरीराला उकडलेल्यातून १६ टक्के आणि भाजलेल्यातून ३० टक्के इतकं ॲलिसिनच्या तोडीचं द्रव्य मिळाल्याचं दिसलं.

इथे सांभाळा

सोललेला कच्चा लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवणं ही या सगळ्यातली खरी धोक्याची गोष्ट. मातीतून आलेले क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू लसणावर असू शकतात. तेल हवा तोडतं, लसूण पुरेसा आंबट नसतो, खोलीचं तापमान ऊबदार, म्हणजे विष तयार व्हायला लागणारं सगळं जमून आलं. वासात आणि चवीत काहीही कळत नाही. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटमधल्या अशाच लसणाने ३६ जणांना बॉट्युलिझम, म्हणजे या विषाने होणारा आजार, झाला. घरी केलेलं लसूणतेल फ्रिजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा. जास्त केलं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील तर लसणाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. शस्त्रक्रियेच्या आधी साधारण आठवडाभर गोळ्या आणि कच्च्या लसणाचा मारा थांबवतात, कारण रक्त गोठण्याचा वेग कमी होतो. एचआयव्हीवरच्या साक्विनावीर या औषधाचं रक्तातलं प्रमाणही लसणाच्या गोळ्यांनी घटतं.

ठेचलेला लसूण त्वचेवर बांधून ठेवू नका. त्याने खरोखर भाजल्यासारखे फोड येतात, लहान मुलांना लवकर. आतड्याच्या तक्रारी असणाऱ्यांना लसणातलं फ्रक्टॅन हे न पचणारं कर्बोदक फुगारा आणतं. पण फ्रक्टॅन तेलात उतरत नाही, म्हणून लसूण तेलात परतून तुकडे काढून टाकले तर चव मिळते आणि त्रास टळतो. कुत्र्या-मांजरांना मात्र कोणत्याही रूपात देऊ नका, त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात.

राहिला तोंडाचा वास. दात घासून तो जात नाही, कारण ॲलिल मिथाइल सल्फाइड हे द्रव्य आतड्यातून रक्तात आणि तिथून फुप्फुसांतून श्वासात येतं. कच्चं सफरचंद किंवा पुदिन्याची ताजी पानं चावली तर वास उतरतो. सायीचं दूधही चालतं, मात्र ते जेवणानंतर पिण्यापेक्षा लसणासोबतच पोटात गेलेलं बरं.