जर्मनीहून घरी पैसे पाठवताय? आधी स्विफ्ट कोड नीट बघा

पहिला पगार झाला की घरी पैसे पाठवायची घाई होतेच, मलाही झाली होती आणि तीच नडली.

युरोपातल्या युरोपात युरो पाठवायला नुसता आयबॅन, म्हणजे इकडचा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, पुरतो. भारतात आयबॅन नसतो, तिथे अकाउंट नंबर आणि स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारात बँक ओळखायचा कोड, लागतो. इकडच्या फॉर्मवर स्विफ्ट कोडलाच बीआयसी म्हणतात, काउंटरवर वाद घालू नका.

कोड ८ किंवा ११ अक्षर-आकड्यांचा असतो. पहिली ४ अक्षरं बँकेची, पुढची २ देशाची, मग २ ठिकाणाची, शेवटची ३ शाखेची, ती नसली तरी चालतं. स्टेट बँकेचा बघा: एसबीआयएन, आयएन, बीबी. आता गंमत अशी की आपला आयएफएससी, म्हणजे भारतातल्या भारतात पैसे पाठवायचा शाखेचा कोड, पण ११ चाच, त्यामुळे नवीन पोरं पासबुकावरचा तो उचलून बीआयसीच्या रकान्यात टाकतात आणि मग फॉर्म पुढे जात नाही म्हणून जर्मनांना शिव्या. पाचव्या जागी शून्य दिसलं की तो आयएफएससी, विषय संपला.

माझी चूक वेगळी. भावाची फी भरायची होती, कोड घेतला आपल्याच मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. आपले लोक मदतीला एका पायावर तयार, पण चार वर्षांपूर्वीचा मेसेज प्रसादासारखा वाटत सुटतात. ती बँक तोवर दुसरीत विलीन झालेली, जुना कोड बंद. पैसे तीन आठवडे कुठेतरी लटकले, मग चार्जेस कापून परत आले, आणि फी बाबांनी उसनवारीवर भरली. म्हणून सांगतो, कोड बँकेच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या नाहीतर घरच्यांना शाखेत पाठवून लिहून आणा. गुगलवरच्या कुठल्याही यादीतून नको, ग्रुपवरून तर नकोच नको!

गावाकडे खातं सहकारी बँकेत असेल तर आणखी एक भानगड. अशा बऱ्याच बँकांना स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो, पैसे दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत येतात, तेव्हा ती कुठली आणि तपशिलात नेमकं काय लिहायचं ते मॅनेजरलाच विचारा.

फॉर्मवर चार्जेसमध्ये 'शेअर', म्हणजे खर्च दोघांत वाटून, ठेवलं तर मधली बँक वाटेत आपला हिस्सा काढून घेऊ शकते. नेमकी रक्कम पोचायला हवी असेल तर सगळा खर्च स्वतःकडे घ्या.

पैसे पाठवायचे ॲपवाले बहुतेक आयएफएससीवरच भागवतात, छोट्या रकमेला ते बरं. मोठी रक्कम मी अजून बँकेतूनच पाठवतो, सवय म्हणा. आणि शुक्रवारी संध्याकाळी पाठवून शनिवारी सकाळी आईला "आले का" म्हणून फोन करू नका, ती बिचारी उगाच एटीएमपर्यंत चालत जाते.