अडत दुकानाची भागीदारी सोडताय? आधी कागद जमवा

मोंढ्यातल्या, म्हणजे शेतमालाच्या बाजारातल्या, अडत दुकानाची भागीदारी सोडायची असेल तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. तुम्ही भागीदार म्हणून वागत होता एवढं समोरच्यानं दाखवलं की त्याचं काम झालं. 'आता मी भागीदार नाही' हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 112 हेच सांगतं. 1 जुलै 2024 च्या आधी हेच पुरावा कायद्याचं कलम 109 होतं. घरमालक-भाडेकरूलाही हाच नियम लागतो. "मी कधीपासून गादीवर बसलोच नाही" असं तोंडानं कितीही सांगा, कोर्टात कागद लागतो.

निवृत्तीपत्र, स्टँप, साक्षीदार, हिशोबाची सही हे सगळे करतातच. त्यावर वेळ घालवत नाही.

राहते ती जाहीर नोटीस. मागच्या वेळी माझ्याकडूनही तीच राहिली होती. निवृत्तीपत्र तुमच्या आणि भागीदारांच्या आपसातलं. बँक, बारदानवाला, सोयाबीन घालून पट्टीची (विक्रीच्या हिशोबाच्या कागदाची) वाट बघणारा शेतकरी, यांना त्याचा पत्ता नसतो. तुम्हाला भागीदार म्हणून ओळखणाऱ्या अशा लोकांपुरते, जाहीर नोटीस निघेपर्यंत दुकानाच्या नव्या देण्यालाही तुम्ही बांधील राहता (भागीदारी कायदा 1932, कलम 32). नोटीस कशी द्यायची ते कलम 72 मध्ये आहे: राजपत्रात, शिवाय जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका मराठी पेपरात, फर्म नोंदलेली असेल तर फर्मच्या निबंधकाकडेही (रजिस्ट्रारकडे). दुकान लातूरला आणि नोटीस मुंबईच्या आवृत्तीत, असला प्रकार करू नका. आणि नुसतं कात्रण ठेवू नका! पेपराचं नाव, आवृत्ती, तारीख दिसेल असं अख्खं पान ठेवा, दोन-तीन अंक जास्तीचे घ्या. भागीदार म्हणेल, "घरातलीच माणसं आपण, पेपरात कशाला?" तरी द्या. संबंध गोड आहेत तेव्हाच द्या.

नोटिशीनं मागचं देणं फिटत नाही, हेही लक्षात असू द्या. निवृत्तीच्या आधीची उधारी तुमच्या अंगावर राहतेच. त्यातून सुटायचं तर ज्याचं देणं आहे तो आणि उरलेले भागीदार यांच्याशी तसा करार हवा; तो लेखीच करून घ्या.

जीएसटी कार्यालयाला निवृत्तीचं महिन्याच्या आत लेखी कळवा. उशीर केला तर कळवलं त्या तारखेपर्यंतचा कर तुमच्याही मागे लागतो. बँकेला पत्र द्या, सीसी (कॅश क्रेडिट) खात्यावरची सही बंद करा, जामीनकी दिली असेल तर तिचं वेगळं पत्र. पत्रं स्पीड पोस्टानं पाठवा, पोच मागून घ्या. जुनं रजिस्टर पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून त्यातच विलीन झालंय. व्हॉट्सॲपवर भागीदारानं "ठीक आहे, तुझं नाव काढलं" असं लिहिलं असेल तर तो फोन जपा. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

मग बाजार समितीचं लायसन्स, दुकानावरची पाटी, बिलबुकं, भाडेकरार, सगळीकडून नाव काढा आणि प्रत्येक ठिकाणची पोच घ्या. यानंतर एकाही पट्टीवर सही करायची नाही, सणासुदीलाही गल्ल्यावर बसायचं नाही. राजपत्राची प्रत हातात आली का ते बघा. पेपराचं पान फाइलला लावलं का? एक संच वकिलाकडे, एक घरी.