रीडायरेक्टचे नियम लिहिताय? या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी मंडळाची वेबसाइट नवी करायला घेतली की सगळ्यांचं लक्ष फोटो, रंग आणि पहिल्या पानावर जातं. जुन्या पत्त्यांचं काय करायचं, हा प्रश्न साइट चालू करायच्या आदल्या संध्याकाळी निघतो. मग कुठून तरी चार ओळी उचलून सर्व्हरच्या फाइलमध्ये चिकटवल्या जातात. दुसऱ्या दिवशी २०१८ च्या बडोदे साहित्य संमेलनाचे फोटो उघडत नाहीत आणि गणेशोत्सवाच्या पत्रिकेवरचा क्यूआर कोड ‘पान सापडलं नाही’ म्हणतो. ज्यांनी ती लिंक जपून ठेवली, नातेवाइकांना पाठवली, त्यांच्यावर हा अन्याय आहे. म्हणून या चार ओळींना पूर्ण दिवस दिला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

रीराइट आणि रीडायरेक्ट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रीराइटमध्ये सर्व्हर आतल्या आत दुसरी फाइल उचलतो आणि ब्राउझरला ते कळतही नाही. रीडायरेक्टमध्ये सर्व्हर ब्राउझरला नवा पत्ता कळवतो आणि ब्राउझर पुन्हा नव्याने विनंती करतो. दोन्हींतल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. सर्व्हर तुमचा नियम ताडून पाहतो तेव्हा त्याच्या हातात नेमकी कोणती अक्षरं असतात, हे आपण तपासत नाही. ब्राउझरच्या पट्टीत दिसणारा पत्ता आणि सर्व्हरच्या हातातला मजकूर पुष्कळदा वेगळे असतात. खाली नियमांची नावं देवनागरीत दिली आहेत, फाइलमध्ये मात्र ती रोमन लिपीतच टाइप करायची आहेत.

सगळं पहिल्या पानावर ढकलणं

यादी करायचा कंटाळा आला की हा मार्ग सुचतो: जो जुना पत्ता येईल तो सरळ मुखपृष्ठावर पाठवा. वाचकाला लोणच्याची पाककृती हवी असते आणि समोर येतं स्वागताचं पान. गूगलही अशा रीडायरेक्टला ‘सॉफ्ट ४०४’ धरतो, म्हणजे पान हरवलंच असं समजतो. सर्व्हरच्या नोंदवहीतून (लॉगमधून) आणि गूगलच्या सर्च कन्सोलमधून जुने पत्ते काढा आणि प्रत्येकासमोर त्याचं नवं पान लिहा. जे पान कायमचं काढून टाकलं आहे त्याला ४१० द्या. पान आता नाही, असं प्रामाणिकपणे सांगणं चुकीच्या दारात नेऊन सोडण्यापेक्षा चांगलं.

नियम लिहिला, पण काहीच होत नाही

सर्व्हरची दोन नेहमीची सॉफ्टवेअर म्हणजे अपाची आणि एन्जिनएक्स. अपाचीवर पहिला संशय डॉट एचटीॲक्सेस ही फोल्डरमधली नियमांची फाइल वाचली जाते की नाही यावर घ्या. अपाची २.४ मध्ये ‘अलाउओव्हरराइड’ मुळात ‘नन’ असतं, म्हणजे मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये परवानगी दिल्याशिवाय त्या फाइलकडे सर्व्हर बघतही नाही. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे फाइलच्या पहिल्या ओळीत मुद्दाम अर्थहीन शब्द टाकून पान उघडणं. ५०० ची चूक आली तर फाइल वाचली जाते. पान निवांत उघडलं तर तुम्ही चुकीच्या जागी मेहनत करताय. उबंटू किंवा डेबियनवर रीराइट मॉड्यूल वेगळं चालू करावं लागतं, तेही बघा. आणि होस्टिंग बदलताना सर्व्हर एन्जिनएक्स झाला असेल, तर डॉट एचटीॲक्सेसचा त्याच्याशी काही संबंध नाही. ती फाइल तो कधीच वाचत नाही.

दुसरी चूक तिरक्या रेघेची. मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेल्या रीराइटरूलला (पत्ता बदलणाऱ्या नियमाला) पत्ता ‘/कार्यक्रम’ असा मिळतो. तोच नियम डॉट एचटीॲक्सेसमध्ये असेल तर अपाची फोल्डरपर्यंतचा भाग, पहिल्या रेघेसकट, कापून टाकतो आणि नियमाला फक्त ‘कार्यक्रम’ दिसतं. त्यामुळे तिथे ‘^/कार्यक्रम$’ (^ म्हणजे सुरुवात, $ म्हणजे शेवट) असा लिहिलेला नियम कधीच जुळत नाही.

तिसरी चूक प्रश्नचिन्हाच्या पलीकडची. ‘पान.पीएचपी?आयडी=१२’ या पत्त्यातला ‘आयडी=१२’ हा भाग रीराइटरूलच्या नमुन्याला (ज्याच्याशी पत्ता ताडला जातो त्याला) दिसतच नाही. त्यासाठी वर रीराइटकंड, म्हणजे नियमाची अट, लावून क्वेरी स्ट्रिंग (प्रश्नचिन्हानंतरचा भाग) तपासावी लागते. आणि नव्या पत्त्याच्या शेवटी ती जुनी शेपटी आपोआप चिकटून जाते. नको असेल तर ‘क्यूएसडी’ हा फ्लॅग (नियमाच्या शेवटी लिहायची खूण) द्या. रीराइटकंडची अट फक्त तिच्या लगेच खालच्या एका रीराइटरूलला लागू होते, हेही पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. एक अट लिहून खाली पाच नियम ठेवले, तर उरलेले चार बिनशर्त चालतात.

वर्डप्रेस असेल तर आपले नियम त्याच्या ‘बिगिन वर्डप्रेस’ या खुणेच्या वर लिहा. आत लिहिलेत तर पुढच्या वेळी कुणी परमालिंकची (पत्त्यांच्या रचनेची) सेटिंग सेव्ह केली की ते पुसले जातात. खाली लिहिलेत तर विनंती बहुधा तुमच्या नियमापर्यंत पोचतच नाही.

देवनागरी पत्ते

इथे थोडं थांबून लिहितो, कारण मराठी साइटवाल्यांना सगळ्यांत जास्त त्रास इथेच होतो आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शनात याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

ब्राउझरमधून ‘/गणेशोत्सव’ हा पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ मिळते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं आणि प्रत्येक बाइट पत्त्यात टक्क्याची खूण धरून ३ अक्षरांत लिहिला जातो. काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणून ‘गणेशोत्सव’ची ९ चिन्हं पत्त्यात ८१ अक्षरं होतात.

ती माळ जशीच्या तशी नियमाच्या नमुन्यात चिकटवणं ही पहिली चूक. अपाची नमुना ताडण्याआधी टक्क्यांचं रूपांतर परत मूळ अक्षरांत करून घेतो. त्याच्या हातात सरळ ‘गणेशोत्सव’ असतं आणि तुमची माळ त्याच्याशी कधीच जुळत नाही. नमुन्यात साधी देवनागरी लिहा आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. सुरुवातीला बीओएम नावाची अदृश्य खूण घालणारा एडिटर मात्र टाळा, तिच्यामुळे पहिलीच ओळ बिघडते. एन्जिनएक्सचे ‘लोकेशन’ आणि ‘रीराइट’ही उलगडलेल्या पत्त्यावरच चालतात. अपवाद ‘रिक्वेस्ट यूआरआय’ या चलाचा (एन्जिनएक्स स्वतः भरतो त्या मूल्याचा). त्यात ब्राउझरने पाठवलेला कच्चा पत्ता असतो, म्हणून त्यावर ‘मॅप’ने जुन्या-नव्या पत्त्यांच्या जोड्या लावल्यात तर तिथे टक्क्यांची माळच हवी.

पाठवायच्या पत्त्यात दुसरा घोळ होतो. अपाचीत रीराइटरूलच्या उजव्या बाजूला टक्क्याची माळ दिली, तर टक्क्यामागे आकडा आला की अपाचीला वाटतं हा वरच्या रीराइटकंडमधला पकडलेला तुकडा आहे. ‘ग’चा शेवटचा बाइट ‘%९७’ असा लिहिला जातो, त्यातलं ‘%९’ तो गिळून टाकतो. आणि जे टक्के वाचतात त्यांचं तो पुन्हा एन्कोडिंग (टक्क्यांच्या खुणांत रूपांतर) करतो. मग पत्त्यात जागोजागी ‘%२५’, म्हणजे टक्क्याच्याच खुणेचं रूप, दिसू लागतं. ही खूण दिसली की समजा, एकाच मजकुरावर दोनदा रूपांतर झालंय. अपाचीत उजवीकडेही साधी देवनागरी लिहिणं सर्वांत सुरक्षित, बाहेर पाठवताना तो स्वतः एन्कोड करतो. एन्जिनएक्सचा ‘रिटर्न’ मात्र हे काम करत नाही, तुम्ही लिहाल तसंच पाठवतो. तिथे उजवीकडे माळ द्या. जुनाच पत्ता पुढे न्यायचा असेल तर ‘यूआरआय’ हे चल टाळून ‘रिक्वेस्ट यूआरआय’ वापरा. ‘यूआरआय’ उलगडलेलं असल्यामुळे त्यातून कुणी आपल्या उत्तराच्या हेडरमध्ये (पानाआधी जाणाऱ्या माहितीच्या ओळींत) नव्या ओळी घुसवू शकतो, आणि तो सुरक्षेचा प्रश्न आहे.

आता याहून बारीक गोष्ट. ‘दुसऱ्या-दिवशीचे-फोटो’ या पत्त्यातला ‘ऱ्य’ किमान तीन प्रकारे टाइप होतो: ‘ऱ’ हे एकच चिन्ह वापरून, ‘र’ला वेगळा नुक्ता जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. सर्व्हरसाठी ते तीन वेगळे पत्ते आहेत. ‘ॲ’चंही तसंच, कधी ते एक चिन्ह असतं आणि कधी ‘अ’वर चंद्र दिलेला असतो. डोळ्यांनी नियम बरोबर वाटतो आणि पान काही उघडत नाही, तेव्हा इथे शोधा. पत्ता हाताने टाइप करू नका. सर्व्हरच्या नोंदवहीत आलेला खरा पत्ता घ्या, उलगडा आणि तोच नमुन्यात ठेवा.

वर्डप्रेस पत्त्याचा शेवटचा तुकडा एन्कोड केलेल्या २०० अक्षरांवर कापतो. ‘बडोद्यातील-गणेशोत्सव-२०२४’ची लांबी २०९ भरते, म्हणून साठवला जातो ‘बडोद्यातील-गणेशोत्सव-२०२’. वर्षाचा शेवटचा आकडाच जातो, आणि पुढच्या वर्षीच्या पानाचंही तेच होऊन दोघांची टक्कर होते. यादी करताना शीर्षकावरून पत्ता ताडू नका, साठवलेला पत्ता बघा. मराठी पत्ते ठेवावेत असंच मी म्हणेन, वाचकाला लिंक वाचता येणं ही मोठी सोय आहे. फक्त ते आखूड ठेवा आणि वर्ष सुरुवातीला घ्या.

गोल गोल फिरणारं पान

‘खूप वेळा रीडायरेक्ट झालं’ हा संदेश क्रोम २० उड्यांनंतर देतो. सर्वांत नेहमीचं कारण असं: साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअरसारखी सेवा किंवा प्रॉक्सी (मधला सर्व्हर) आहे. वाचक तिच्याशी सुरक्षित एचटीटीपीएसवर बोलतो, पण ती तुमच्या सर्व्हरशी साध्या एचटीटीपीवर बोलते. क्लाउडफ्लेअरमध्ये ‘फ्लेक्सिबल’ ही सेटिंग असली की हेच होतं. सर्व्हरला दिसतं एचटीटीपी, तो म्हणतो एचटीटीपीएसवर जा. वाचक आधीच तिथे आहे, तो पुन्हा येतो, आणि सर्व्हरला पुन्हा एचटीटीपीच दिसतं. खरा उपाय म्हणजे मूळ सर्व्हरवर एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र बसवून ‘फुल स्ट्रिक्ट’ निवडणं. ते शक्य नसेल तर ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हे हेडर तपासून मगच रीडायरेक्ट करा.

दुसरा फेरा सर्व्हरच्या पोटात होतो. अपाचीत ‘एल’ फ्लॅग दिला की सगळं थांबलं, हा समज डॉट एचटीॲक्सेसमध्ये खरा ठरत नाही. पत्ता आतून बदलला की नियमांची फेरी नव्याने सुरू होते. ‘काहीही आलं तरी ते इंडेक्स फाइलच्या मागे जोड’ असा नियम स्वतःच्याच उत्तराला पुन्हा पकडतो, आणि १० आतल्या उड्यांनंतर ५०० येतो. खरी फाइल किंवा फोल्डर असल्यास नियम लागू नये अशी अट घाला, किंवा २.४ मधला ‘एंड’ फ्लॅग वापरा. एन्जिनएक्सची मर्यादाही १० फेऱ्यांचीच आहे.

३०१ देण्याची घाई

३०१ म्हणजे कायमचा बदल, आणि ब्राउझर तो मनावर घेतो. तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला न विचारताच नव्या पत्त्यावर जातो. नियमात चूक असेल तर तुम्ही ती सुधारल्यावरही त्या वाचकाच्या फोनमध्ये जुनीच वाट राहते. म्हणून चाचणीत ३०२ (तात्पुरता बदल) द्या आणि सगळं पटल्यावर ३०१ करा. अपाचीत नुसतं ‘आर’ लिहिलं तर ३०२ जातो, पुढे आकडा लिहायला विसरू नका. चुकीचा ३०१ बाहेर गेलाच, तर लोक ज्या पत्त्यावर पोचतायत तिथेच खरं पान उपलब्ध करून द्या. उलट दिशेचा रीडायरेक्ट लावलात तर फेरा तयार होईल. देणगी किंवा नोंदणीचा फॉर्म ज्या पत्त्यावर जमा होतो त्याला ३०८ (कायमचा) किंवा ३०७ (तात्पुरता) द्या. ३०१ आणि ३०२ मध्ये ब्राउझर पोस्टची (माहिती जमा करणारी) विनंती गेट (नुसतं पान मागणारी) करून टाकू शकतो आणि भरलेली माहिती वाटेत गळते.

फोनची भाषा पाहून पाठवणं

बडोद्यातल्या साइटी मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तीन भाषांत असतात, तेव्हा ब्राउझरची भाषा बघून आपोआप पाठवायचा मोह होतो. पण इथल्या कितीतरी मराठी घरांत फोन इंग्रजीत किंवा गुजरातीत असतो. आजींना मुद्दाम मराठी पानाची लिंक पाठवावी आणि त्यांच्यासमोर इंग्रजी पान यावं, हे बरं नाही. पानं वाचत फिरणारा गूगलचा क्रॉलर (गूगलबॉट) तर भाषेचं हेडर पाठवतच नाही, त्याला तुमचं मराठी पान कदाचित कधी दिसणारही नाही. कोणी ठरावीक पानाची लिंक उघडली तर तेच पान द्या आणि वर भाषा बदलायचं बटण ठेवा.

तपासणी आणि जुनं डोमेन

ब्राउझरमध्ये तपासू नका, त्याला जुन्या उड्या आठवत असतात. ‘कर्ल’ या कमांडला कॅपिटल आय हा पर्याय देऊन फक्त हेडर मागवा आणि उत्तराचा आकडा व ‘लोकेशन’ ही ओळ वाचा. एका जुन्या पत्त्यापासून नव्यापर्यंत एकच उडी असावी. एचटीटीपीवरून एचटीटीपीएस, मग तीन डब्ल्यू, मग शेवटची रेघ, मग नवं पान अशी साखळी झाली असेल तर नियम एकत्र करा. गूगलबॉट १० उड्यांपर्यंतच मागे येतो, आणि कमजोर नेटवर्कवरच्या माणसाला त्यातली प्रत्येक उडी जाणवते. नियम का जुळत नाही हे कळत नसेल तर अपाचीत ‘लॉगलेव्हल’मध्ये रीराइटसाठी ‘ट्रेस३’ लावा आणि एन्जिनएक्समध्ये ‘रीराइट लॉग’ चालू करा. सर्व्हर कोणता मजकूर कोणत्या नमुन्याशी ताडतोय हे तिथे अक्षरशः लिहिलेलं मिळतं. काम झाल्यावर ते बंद करा, नाहीतर डिस्क भरेल. एन्जिनएक्स पुन्हा लोड करण्याआधी त्याला ‘-टी’ देऊन फाइल तपासून घ्या.

डोमेनच बदललं असेल तर जुन्या डोमेनचं प्रमाणपत्रही चालू ठेवावं लागतं. एचटीटीपीएसमध्ये आधी प्रमाणपत्र तपासलं जातं आणि मग रीडायरेक्ट पोचतो. प्रमाणपत्र संपलं की वाचकाला थेट धोक्याचा लाल इशारा दिसतो. गूगलच्या सल्ल्यानुसार रीडायरेक्ट किमान १ वर्ष ठेवावेत. छापील पत्रिका आणि स्मरणिका त्याहून कितीतरी जास्त काळ घरात राहतात, म्हणून ज्या डोमेनचा क्यूआर कोड कधी छापला गेला ते सोडूच नये असं मी प्रत्येक मंडळाला सांगतो. ते सुटलं की दुसरा कोणीही विकत घेऊन त्यावर हवं ते दाखवू शकतो, तेही मंडळाच्या नावाखाली. नूतनीकरणाची तारीख एकट्या स्वयंसेवकाच्या ईमेलवर न ठेवता खजिनदाराच्या वार्षिक खर्चाच्या यादीत लिहून घ्या.