घरातली ३१५: जुनी रायफल वारशानं घेताना आणि जपताना

कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर एअर रायफल शिकायला येणारी पोरं ओळख झाली की हमखास एक प्रश्न विचारतात. "दादा, लष्करातनं निघालेली थ्री नॉट थ्री कुठं मिळंल?" स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य आणल्यापासून राधानगरीकडची पोरंही नेमबाजीकडं वळली आहेत, आणि मोबाईलवर अमेरिकेतल्या माणसांचे व्हिडिओ बघून जुन्या लष्करी रायफलींचं वेड त्यांना लागलंय. तिकडं माणूस दुकानातून ग्रीस थापलेली जुनी रायफल आणतो आणि गॅरेजमध्ये बसून साफ करतो. आपल्या बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या लष्करी रायफलीसुद्धा अशाच 'सरप्लस', म्हणजे लष्कराला नको झालेला माल म्हणून तिकडं विकल्या गेल्या आहेत. ते बघून मलाही एकेकाळी हेच वाटलं होतं. म्हणून नवीन माणसाला मी आधी खरं काय ते सांगतो.

आपल्याकडं .३०३ किंवा ७.६२ ची लष्करी काडतुसं चालतील अशी कुठलीही बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे दर गोळीला हातानं बोल्ट मागंपुढं करायची रायफल, सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही. दुकानदार तिला 'पीबी', म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, नागरिकाला बंदी असलेलं नळीचं माप, म्हणतात. तो नाद पहिल्याच दिवशी सोडायचा. कुणी "कागद नंतर बघू, माल आहे" म्हणालं तर तिथून सरळ उठायचं, चहासुद्धा घ्यायचा नाही.

पण या बंदीतूनच एक वेगळी रायफल जन्माला आली आणि ती आपल्या भागात बऱ्याच घरांत आहे. .३१५ बोअर, म्हणजे ८ मिलिमीटर, तीही ईशापूरचीच. ब्रिटिशांनी १९०४ मध्ये सैन्यात आणलेल्या आखूड ली-एनफिल्डचाच तिचा सांगाडा: तोच मागून बंद होणारा बोल्ट, तसाच दोन तुकड्यांचा लाकडी कुंदा. काडतूस मात्र ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर रायफलीचं, म्हणजे सैन्याची गोळी त्यात चालणार नाही आणि नागरिकाला परवाना देता येईल. लष्करी रायफलीची दुरुस्ती शिकायची ज्याला खरी ओढ आहे, त्याला ली-एनफिल्डची सगळी शाळा या एका रायफलीत मिळते. माझी शाळा तीच.

आमची ३१५ आजोबांची. भुदरगड तालुक्यात आमचा ऊस, वर जंगल, आणि पीक राखायला म्हणून त्यांना परवाना मिळाला होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तिचं काम जवळजवळ संपलंच. पुढं ती वडिलांच्या नावावर झाली आणि चामड्याच्या म्यानात घालून माडीवर टांगलेली राहिली. दर निवडणुकीला ती जमा व्हायची आणि परत यायची. एकदा पावसाळाभर जमा राहून आली तेव्हा नळीवर बोटभर लांबीचा तांबूस डाग होता. वडिलांनी त्यावर खोबरेल तेल चोळलं आणि पुन्हा म्यानात घातली. वडील गेल्यावर म्यान उघडलं, तेव्हा तो डाग हाताच्या पंजाएवढा झाला होता.

इथं पहिला धडा. परवानाधारक वारला की ते शस्त्र घरात ठेवता येत नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं विनाविलंब जमा करायचं आणि पावती घ्यायची. दिवसकार्य होईपर्यंत थांबू असं घरात म्हणतील, थांबू नका. शक्य असेल तर विक्रेत्याकडं जमा करा. भाडं पडतं, पण तिथं तेलाचा हात फिरतो. मग वारस म्हणून परवान्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. सोबत मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांचं ना-हरकत, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, आणि त्यानंतर पोलिसांची चौकशी. आई आणि इचलकरंजीला दिलेली बहीण, दोघींनी सह्या केल्या. बहिणीनं सही करण्याआधी एवढंच विचारलं, "विकणार नाहीस नव्हं?" वडील हयात असतील आणि त्यांची सत्तरी उलटली असेल, किंवा त्यांनी शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं असेल, तर त्यांच्या डोळ्यांदेखत ते वारसाच्या नावावर करता येतं. २०१६ च्या नियमांत ही सोय आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी हेच करावं, कारण गेलेल्या माणसाच्या कागदावरची चूक दुरुस्त करणं फार अवघड.

आमच्या कागदात तशी चूक होतीच. जुन्या परवान्याच्या पुस्तकात कुणीतरी रायफलीच्या क्रमांकातला ८ चा ३ करून ठेवला होता. रायफल एक, कागद दुसऱ्याच रायफलीचा. ते निस्तरायला वर्षाच्या वर गेलं. म्हणून घरची असो वा परवाना मिळाल्यावर विक्रेत्याकडून घेतलेली जुनी असो, भिंग घेऊन बॉडीवरचा आणि बोल्टवरचा क्रमांक वाचा, एकमेकांशी जुळतो का बघा, मग कागदाशी ताडा. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा निघाला तर ती रायफल तपासणीशिवाय चालवायची नाही, कारण काडतुसामागची जागा त्या एका बोल्टला धरून बसवलेली असते. मग नळीतून उजेडाकडं बघा. आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, काठाशी धारदार दिसले पाहिजेत. बाहेरचा गंज बघून लोक घाबरतात, पण खरी रायफल आत असते. कुंद्याचा पुढचा भाग बॉडीला मागं टेकतो तिथं लाकडाला चीर आहे का तेही बघा. गोळीचा सगळा झटका तिथं बसतो.

आता दुरुस्ती. शस्त्राची दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे. घरी साफसफाई करावी, त्यापुढं नाही. मी जिथं रायफल जमा केली होती त्या दुकानाच्या मिस्त्रींना रोज जाऊन विनवलं, तेव्हा त्यांनी मला समोर बसू दिलं. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला काही करू दिलं नाही. "आदी बघाय शिक. हात लावायचं मागनं बघू," म्हणायचे. मॅगझिन काढायचं, बोल्ट उघडायचा, डोळ्यानं बघायचं आणि मग करंगळी घालून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामा आहे याची खात्री करायची. हे त्यांनी मला दिवसातून वीसदा करायला लावलं. आजही मी रायफल हातात घेतली की बोलणं थांबवून आधी हे करतो.

पंधरा दिवसांनी पहिलं काम दिलं आणि मी पहिल्याच दिवशी नुकसान केलं. ली-एनफिल्डच्या कुळात दस्ता, म्हणजे कुंद्याचा मागचा तुकडा, एका लांब बोल्टानं (हा स्क्रूसारखा, गोळी भरायचा बोल्ट वेगळा) बॉडीला आवळलेला असतो. दस्त्याच्या मागच्या पत्र्यातलं झाकण उघडलं की आत लांब स्क्रू-ड्रायव्हर जातो. त्या बोल्टाचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडात बसवलेल्या पट्टीत अडकलेलं असतं. म्हणून आधी पुढचं लाकूड उतरवायचं, मगच दस्त्याचा बोल्ट फिरवायचा. मी उलटं केलं. बारीक 'कट्' असा आवाज आला आणि पुढच्या लाकडाला तीन इंच चीर गेली. मिस्त्री काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं. साठ-सत्तर वर्षं ऊन-पाऊस सोसलेलं अक्रोडाचं लाकूड माझ्या घाईनं फुटलं होतं. तुम्ही काहीही विसरलात तरी हा क्रम विसरू नका.

ती चीर भरायला मी मिरजेला गेलो. तिथल्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या भोपळ्याला गेलेली चीर इतकी सफाईनं बुजवतात की बोट फिरवून कळत नाही. रायफल नाही, नुसतं लाकूड नेलं होतं. एका कारागिरांनी ते हातात घेऊन आधी वास घेतला आणि म्हणाले, "हे तेल प्यायलंय, सरस धरणार नाही." मग त्यांच्या सांगण्यावरून लाकडाला मुलतानी मातीचा ओला लेप दिला आणि एप्रिलच्या उन्हात ठेवलं. माती वाळताना तेल ओढून काळी पडते. खरवडायची, पुन्हा लावायची. आठ वेळा केलं. त्यानंतर चीर किंचित फाकवून आत सरस भरला आणि सुतळीनं आवळून दोन दिवस ठेवलं.

लाकडाच्या बाबतीत नव्या माणसाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पॉलिश पेपर. लाकडावर ईशापूरचे ठसे असतात, कधी वर्ष असतं, ते दोन हात मारले की कायमचे जातात. दबलेली जागा घासून सपाट करू नका. ओलं फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवा, वाफेनं दबलेला तंतू फुगून वर येतो. वरून चकचकीत वॉर्निश तर मुळीच नको. रंगाच्या दुकानात बेलतेल मागा, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. तळहातावर चार थेंब, हात गरम होईपर्यंत चोळायचं, एक दिवस थांबायचं. पंधरा-वीस हात झाले की लाकूड आतून उजळतं. एक सांभाळा: बेलतेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

लोखंडाला त्याहून कमी हात लावायचा. गंजावर पातळ तेल सोडून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी सगळ्यात बारीक स्टील वूलनं, अगदी शून्य शून्य शून्य शून्य नंबरच्या, हलकेच उचलायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, बफ मारून आरशासारखं करून देणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा हात चांगला आहे, पण रायफल तिकडं नेऊ नका. बफखाली क्रमांक पुसट झाला तर तुमची रायफल सुंदर दिसेल आणि तुम्ही गुन्हेगार ठराल. शस्त्र कायद्याचं आठवं कलम क्रमांक पुसण्याबद्दल आणि बिनक्रमांकाचं शस्त्र बाळगण्याबद्दलच आहे. आमच्या नळीवरचा पंजाएवढा डाग आजही करड्या सावलीसारखा दिसतो. ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा निळसर-काळा थर, नव्यानं करायचं का असं मिस्त्रींनी विचारलं, मी नको म्हटलं.

नळीच्या आतलं काम वेगळं. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की त्याचं मीठ नळीत उरतं, हवेतलं पाणी ओढतं आणि गंज चढवतं. तेलानं मीठ विरघळत नाही, गरम पाण्यानं विरघळतं. म्हणून आधी साबणाचं गरम पाणी, मग कोरडं फडकं, सगळ्यात शेवटी तेल. नुसतं तेल घालून नळी जपली असं समजणारे आमच्या घरातच दोन पिढ्या होते, आणि आमच्या नळीत चेंबरपुढं खड्डे आहेत. मिस्त्रींनी गेज लावून बोल्ट तपासला, नळी चालण्याजोगी ठरवली, पण नेम आता पूर्वीसारखा राहणार नाही हेही सांगितलं.

आणि म्यान. कोल्हापुरात चामड्याचं काम पिढीजात, त्यामुळं घरोघरी रायफल चामड्याच्याच म्यानात असते. बाभूळ-हिरड्यानं कमावलेलं चामडं ओल धरतं, त्यातला आम्लाचा अंश लोखंडाला लागतो. आमचा डाग म्यानाच्या शिवणीच्या रेषेतच होता. आता रायफल कोरड्या कपड्याच्या पिशवीत, कुलूपबंद लोखंडी कपाटात असते, बोल्ट वेगळ्या कुलपात, आणि जून ते सप्टेंबर दर रविवारी मी ती बाहेर काढून पुसतो.

पट्टा मात्र चामड्याचाच हवा होता. आजोबांचा पट्टा वाळून तुटला होता. जवाहरनगरातल्या एका चप्पल कारागिरांकडं तुटका तुकडा नेला. सव्वा इंच रुंदी त्यांनी न मोजता ओळखली, तुकडा नखानं दाबून बघितला आणि म्हणाले, "हे आमच्यातल्याच कुणाच्या तरी हातचं काम." नवा पट्टा त्यांनी चामड्याच्याच वादीनं शिवून दिला, दोन महिने तेल पाजायला सांगितलं. तो कपाटाबाहेर, रायफलीपासून लांब, खुंटीला टांगलाय. जुना तुकडा त्यांनी मागून घेतला.